जुन्या ट्रकात नवा स्टिरिओ

यंत्र जुने झाले म्हणजे त्याची किंमत उतरते, हा व्यवहारातला नेहमीचा नियम होय. परंतु काही यंत्रे इतकी वर्षे तग धरतात, की त्यांच्यापुरता हा नियम उलटा होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत बांधलेले शेव्हरोले व फोर्ड या कंपन्यांचे छोटे मालवाहू ट्रक या जातीचे आहेत. शेव्हरोलेचा १९४७ मध्ये निघालेला गोलसर बांध्याचा ट्रक, फोर्डचा १९४८ चा ‘एफ-१’ आणि त्यामागून १९५३ मध्ये आलेला ‘एफ-१००’ ही त्यांतील ठळक नावे. गवताचे भारे, दुधाचे हंडे आणि कुंपणाचे खांब वाहण्यासाठी जन्मास आलेल्या या गाड्या आज तिकडील हौशी लोक घरच्या माणसाप्रमाणे सांभाळतात. आणि त्यांच्यापैकी पुष्कळांना केव्हा ना केव्हा एक मोह पडतोच : लांबच्या वाटेवर सोबतीला गाणे असावे, खिशातल्या मोबाइलमधील संगीत ट्रकात वाजावे, आणि त्यासाठी नव्या पद्धतीचा स्टिरिओ बसवावा.

इच्छा साधी आहे. परंतु तिच्यापायी कित्येक ट्रकांचे डॅशबोर्ड कायमचे कापले गेले आहेत. म्हणून हे काम ट्रकाला इजा न करता कसे साधावे, याचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे. विद्यार्थिमित्रांस त्यात एक लाभ असा, की विज्ञानाच्या तासाला फळ्यावर लिहिलेले व्होल्ट, अँपिअर आणि ओहम येथे प्रत्यक्ष कामाला लागलेले दिसतील.

हे ट्रक आपल्याकडे अगदीच परके होते असे मात्र कोणी समजू नये. जनरल मोटर्स कंपनीचा गाड्या जुळविण्याचा कारखाना मुंबईत शिवडीस १९२८ मध्ये सुरू झाला व १९५४ पर्यंत चालला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, डी सोटो व फार्गो या नावांचे अमेरिकन वळणाचे ट्रक तयार होत. घरातील आजोबांपाशी ‘फार्गो’ हा शब्द सहज उच्चारून पाहावा. घाटातल्या चढणीची एखादी हकीकत ऐकावयास मिळण्याचा बराच संभव आहे.

आता इजा होते ती कशी, हे प्रथम पाहू. त्या काळच्या मोटारीतील रेडिओला डाव्या-उजव्या अंगास दोन गोल बटणे आणि मध्ये आकड्यांची तबकडी असे. डॅशबोर्डाच्या पत्र्याला त्याच बेताची छिद्रे असत. ज्या गिऱ्हाइकाने रेडिओ घेतला नसेल त्याच्या ट्रकात ही जागा लहानशा पट्टीने झाकलेली असे. आजच्या साध्या स्टिरिओचे तोंड मात्र १८० मिलिमीटर रुंद व ५० मिलिमीटर उंच असे आयताकृती असते. ही दोन मापे एकमेकांशी जुळत नाहीत. मग घाईचा मिस्त्री पत्रा कापण्याची करवत हाती घेतो, आणि दहा मिनिटांत चौकोनी भोक तयार होते. कोणी म्हणेल, की वेल्डिंग करून भोक बुजविता येते. येते, हे खरे. पण कारखान्याच्या साच्यात दाबून पत्र्याला आलेली वळणे आणि सत्तर वर्षे टिकलेला मूळ रंग पुन्हा तसाच उभा करणे हे उत्तम कारागिरालाही जड जाते. दुसऱ्या बाजूने पाहावे तर ज्या स्टिरिओसाठी हे कापायचे, त्याचे आयुष्य किती? कॅसेट १९६३ मध्ये आली, काँपॅक्ट डिस्क १९८२ मध्ये आली, आणि आता तार न जोडता मोबाइलवरून गाणे वाजते. प्रत्येक नव्या यंत्राने आधीच्याला निकालात काढले. जो पाहुणा दहा वर्षांत निघून जाणार, त्याच्या पलंगासाठी वाड्याची भिंत पाडण्यासारखेच हे झाले.

जुन्या वास्तूंच्या जतनाविषयी १९६४ मध्ये व्हेनिस येथे एक सनद ठरली. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघाने, म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘फीवा’ने, पुढे तिच्याच धर्तीवर ट्यूरिनची सनद स्वीकारली. मागाहून केलेला बदल शक्य तोवर परत काढता यावा आणि काढलेले मूळ भाग वाहनासोबत जपून ठेवावेत, असा तिचा आग्रह आहे. आपल्या देशातही २०२१ च्या नियमांनी, प्रथम नोंदणीस पन्नासहून अधिक वर्षे झालेल्या व मूळ रूपात राखलेल्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी ठरविली आहे. सांगाड्यात किंवा बाह्यांगात मोठा फेरफार केलेल्या वाहनास तिचा लाभ नाही. डॅशबोर्डातील एका भोकाने नोंदणी हुकेल असे आमचे म्हणणे नाही. पण मूळ रूपाची बूज राखण्याचा विचार आता कायद्यातही आला आहे, एवढे यावरून दिसते.

तेव्हा संच बसवायचा कोठे? सर्वांत सोपी जागा म्हणजे डॅशबोर्डातील कप्पा. त्याचे झाकण लावले की आतील नवेपणा कोणास दिसत नाही. दुसरी जागा बैठकीखालची. मोबाइलवरून किंवा लहान रिमोटने चालणाऱ्या संचाला चालकाच्या हाताशी असण्याचे कारणच उरत नाही. तिसरा मार्ग असा, की डॅशबोर्डाखाली एक वेगळी पट्टी, तेथे आधीपासून असलेल्या स्क्रूंच्याच आधाराने अडकवावी आणि जे काही कापावयाचे ते त्या पट्टीतच कापावे. उद्या संच काढला तर पट्टीही निघेल. जुन्या रेडिओच्या बटणांच्या मापाने बेतलेले नवे संचही अमेरिकेत मिळतात. तेही मूळ छिद्रांत बसतात.

परंतु ट्रकात मूळ रेडिओ शाबूत असेल तर? काही लोक त्याचा दर्शनी भाग ठेवून आतील सर्व अवयव काढून टाकतात आणि तेथे नवे मंडल बसवितात. बाहेरून तबकडी जुनी, आत सारे नवे! हे रूप डोळ्यांस गोड दिसते, पण आम्हांस ते फारसे रुचत नाही. त्या रेडिओच्या पोटात एक मोठी गंमत आहे. त्यातील काचेच्या व्हॉल्व्हांना दोनशे व्होल्टच्या आसपास दाब लागतो, आणि बॅटरी तर सहा व्होल्टची. म्हणून आत एक लहानशी पोलादी जीभ सेकंदाला शंभराहून अधिक वेळा थरथरते, बॅटरीचा सरळ प्रवाह तोडते-जोडते, आणि त्या तुटक प्रवाहाचा दाब ट्रान्सफॉर्मर वाढवितो. रेडिओ लावताच जो बारीक गुणगुणाट ऐकू येई तो या जिभेचा. असे यंत्र चालू असेल तर त्याला हात लावू नये. बंद असेल तर जाणत्याकडून दुरुस्त करून घ्यावे; आणि नव्या संगीतासाठी नवा संच निराळा, दृष्टिआड बसवावा. (हा रेडिओ विद्यार्थ्यांनी हौसेने उघडू नये. त्यातील दाब जिवावर बेतणारा असतो, आणि बॅटरी काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ विद्युत्भार शिल्लक राहू शकतो.)

आता मुख्य अडचणीकडे वळू. आजचा स्टिरिओ बारा व्होल्टांवर चालतो आणि ज्या गाडीचा पत्रा बॅटरीच्या ऋण अग्राला जोडलेला आहे अशा गाडीसाठी तो बनविलेला असतो. जुन्या ट्रकाची रीत वेगळी. शेव्हरोले ट्रकांची बॅटरी १९५५ च्या नव्या नमुन्यापूर्वी सहा व्होल्टची होती. पत्रा मात्र ऋण अग्रालाच जोडलेला असे. फोर्ड ट्रकांत १९५५ पर्यंत सहा व्होल्ट, आणि पत्रा धन अग्राला! १९५६ पासून फोर्डनेही बारा व्होल्ट व ऋण अर्थिंग स्वीकारले. इंजिने अधिक जोरदार होत गेली, त्यांना फिरवून सुरू करण्यास अधिक शक्ती लागू लागली, म्हणून हा बदल सर्वत्र झाला. पण केवळ सालावर विसंबू नये. मधल्या एखाद्या मालकाने तारा फिरविलेल्या असू शकतात. बॅटरीवरील अधिक-उणे खुणा पाहाव्या, जाड तार कोणत्या अग्रावरून सांगाड्यास गेली आहे ते पाहावे, आणि व्होल्टमापकाने खात्री करून घ्यावी.

सहा व्होल्टांपासून बारा व्होल्ट करून देणारी लहान पेटी, म्हणजे कन्व्हर्टर, बाजारात मिळते. तेवढ्याने काम झाले असे वाटते. पण येथे थोडे गणित केले पाहिजे. समजा, मोठ्या आवाजात संच ६० वॅट शक्ती घेतो. बारा व्होल्टांवर त्याला ५ अँपिअर प्रवाह लागेल. कन्व्हर्टर स्वतः काही शक्ती खातो. तो शंभरातील पंच्याऐंशी भाग पुढे देतो असे धरले तर त्याला सुमारे ७१ वॅट पुरवावे लागतील, आणि ते सहा व्होल्टांच्या बॅटरीतून घ्यायचे म्हणजे जवळजवळ १२ अँपिअर. आता बॅटरीपासून कन्व्हर्टरपर्यंतचे अंतर अडीच मीटर, म्हणजे जाऊन-येऊन पाच मीटर तार झाली. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो; पाच मीटरचा झाला ०.०८५ ओहम. त्यातून १२ अँपिअर गेले की ओहमच्या नियमाप्रमाणे एक व्होल्ट वाटेतच गळाला. सहातला एक, म्हणजे सहावा हिस्सा! तो नाहीसा होत नाही. १२ वॅटची उष्णता होऊन तारेत उतरतो, आणि ती तार जर सुती वेष्टणाच्या जुन्या तारांच्या जुडग्यातून नेली असेल तर काय होईल हे सांगावयास नको. त्याच वाटेने ४ चौरस मिलिमीटरची जाड तार नेली की गळती पाव व्होल्टावर येते. म्हणून दोन गोष्टी. तार जाड घ्यावी. आणि जुन्या वायरिंगला कोठेही फाटा न फोडता ती थेट बॅटरीपासून स्वतंत्र न्यावी. बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच फ्यूज असावा, कारण फ्यूजच्या अलीकडे राहिलेल्या तारेचे रक्षण तो करीत नाही.

ट्रकाचा पत्रा धन अग्राला जोडलेला असला म्हणजे याहूनही बिकट प्रसंग येतो. स्टिरिओची धातूची पेटी आतून त्याच्या काळ्या, म्हणजे ऋण तारेला जोडलेली असते. ती पेटी स्क्रूने डॅशबोर्डाला आवळली की ऋण आणि धन यांची गाठ पडली! रोध जवळजवळ शून्य, म्हणून प्रवाह प्रचंड. येथे एक बारकावा पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कारखान्यातून संचाबरोबर येणारा फ्यूज पिवळ्या, म्हणजे धन तारेत असतो. पण अशा ट्रकात पत्र्यापासून अलग असलेली तार ऋण बाजूची. पेटी पत्र्याला टेकली तर प्रवाह काळ्या तारेतून धावेल. पिवळ्या तारेतील फ्यूज थंडपणे शाबूत राहील आणि काळी तार जळून जाईल. कोणी सावधपणे पेटीला रबराचे अस्तर लावतो व निर्धास्त होतो. तरीही एरियलची तार राहतेच. तिचे जाळीदार बाह्य वेष्टण एका टोकास स्टिरिओच्या पेटीला आणि दुसऱ्या टोकास एरियलच्या बुडाशी ट्रकाच्या पत्र्याला भिडते. पुढचे दार लावून घ्यावे आणि मागचे सताड उघडे राहावे, तशी ही गत. अशा ट्रकासाठी ज्याच्या आतील आणि बाहेरील बाजू विजेच्या दृष्टीने एकमेकींपासून पूर्ण अलग आहेत असाच कन्व्हर्टर लागतो. सर्व कन्व्हर्टर तसे नसतात. स्वस्त पेट्यांत दोन्हीकडची ऋण तार आतून एकच असते. विकत घेण्यापूर्वी हे विचारलेच पाहिजे.

सगळा ट्रकच बारा व्होल्टांचा करावा, असाही सल्ला मिळतो. त्यात दिवे, काटे, इग्निशन कॉइल, डायनामो अशा अनेक गोष्टी बदलाव्या लागतात. ज्याला ट्रक रोज चालवायचा आहे त्याची गोष्ट वेगळी. केवळ गाण्यासाठी एवढा खटाटोप आम्हांस योग्य वाटत नाही.

याहून एक साधा उपाय आहे, आणि तोच आम्हांस सर्वांत पसंत आहे. घरातील संगणकाच्या यूपीएसमध्ये असते तशी बारा व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची लहान बंद बॅटरी घ्यावी, तिच्या तोंडाशीच फ्यूज लावावा, बैठकीखाली ती पट्ट्याने घट्ट बांधावी आणि स्टिरिओ तिच्यावरच चालवावा. मध्यम आवाजात संच सरासरी २ अँपिअर घेत असेल तर दोन तासांची करमणूक सहज होते. घरी परतल्यावर बॅटरी काढून चार्ज करावी. ट्रकाच्या विजेचा आणि तिचा काहीच संबंध नाही, म्हणून सहा व्होल्ट की बारा, धन अर्थिंग की ऋण, हे प्रश्नच मिटतात. एरियलच्या वेष्टणाने पेटी पत्र्याला टेकली तरी बिघडत नाही. कारण दोन स्वतंत्र परिपथ एकाच बिंदूत स्पर्शले तर प्रवाहाला परत येण्याची वाट मिळत नाही. विद्यार्थ्यांनी याची आकृती वहीत काढून पाहावी.

ट्रकाच्या बॅटरीवरच संच चालविणाऱ्याने आणखी एक हिशेब ठेवावा. स्टिरिओ बंद असला तरी त्यातील घड्याळ व स्मृती थोडा प्रवाह घेत राहतात, आणि कन्व्हर्टरही अगदी स्वस्थ बसत नाही. दोघे मिळून २० मिलिअँपिअर धरले तरी महिन्याला १४ अँपिअर-तास होतात. जुने ट्रक महिनोन्‌महिने उभे असतात. तेव्हा ही वाट पूर्ण तोडणारा एक स्विच बैठकीखाली हवाच.

आता ध्वनिक्षेपक, म्हणजे स्पीकर. मूळ रेडिओला एकच स्पीकर डॅशबोर्डाच्या जाळीमागे असे. स्टिरिओला तर डावा व उजवा असे दोन स्वतंत्र ध्वनी लागतात. यावर एक चतुर तोडगा निघालेला आहे : एकाच शंकूच्या मागे दोन वेटोळी असलेला स्पीकर. एका वेटोळ्याला डावा ध्वनी, दुसऱ्याला उजवा. खरा स्टिरिओ त्यातून निघत नाही, पण गाण्याचा कोणताही भाग हरवत नाही आणि मूळ जाळी तशीच राहते. अधिक हवे असेल तर चालकाच्या पायांशी दोन्ही कडांना आपोआप अडकून बसणाऱ्या लहान पेट्या ठेवता येतात. दारे मात्र कापू नयेत. काच खाली उतरते ती दाराच्या पोटात आणि पावसाचे पाणी झिरपते तेही तेथेच. स्पीकरला त्याहून वाईट घर नाही. बैठकीमागे छिद्रे पाडण्याचा विचार करणाऱ्याने आधी मागे काय आहे ते पाहावे. शेव्हरोलेने १९४९ पासून पेट्रोलची टाकी तेथेच, चालकाच्या पाठीशी, केबिनच्या आत ठेवली होती!

जोडणी करताना जुन्या स्पीकरची पत्र्याला लावलेली तार वापरू नये. जुन्या रेडिओत स्पीकरचे एक टोक पत्र्याला जोडणे चालत असे. आजच्या संचात स्पीकरच्या दोन्ही तारांवर दाब असतो. त्यांतील एकही पत्र्याला लागली तर संचाचा ध्वनिवर्धक भाग जळू शकतो. प्रत्येक स्पीकरला दोन स्वतंत्र तारा द्याव्या.

एरियलसाठी मडगार्डाला भोक पाडण्याची प्रथा आहे, तीही टाळता येते. एफ. एम. केंद्रे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतात. १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३ मीटर, आणि तिचा चौथा हिस्सा ७५ सेंटिमीटर. एवढ्या लांबीची तार काचेच्या कडेने रबराखाली दडविली तरी जवळची केंद्रे लागतात. पत्र्याच्या केबिनमध्ये लहरी काचेतूनच शिरतात, म्हणून तार पत्र्यामागे लपवून उपयोग नाही. तरीही खरखर राहिली तर ती बहुधा प्लगच्या ठिणग्यांची व डायनामोची असते. रोध असलेल्या प्लगच्या तारा आणि डायनामोवर योग्य कपॅसिटर यांनी ती पुष्कळ कमी होते.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी प्रथम बॅटरीची पत्र्याला जोडलेली तार सोडवावी. काहीही उलगडण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे. संच बसवायच्या जागी आधी पुठ्ठ्याची तेवढ्याच मापाची पेटी ठेवून गिअरचा दांडा, हातब्रेक आणि चालकाचे गुडघे यांना ती अडत नाही ना, हे पाहावे. इंजिन आणि केबिन यांमधील पत्र्यातून तार न्यायची असेल तर कारखान्यानेच पाडलेले व बुचाने बंद केलेले छिद्र शोधावे. ते बहुधा सापडते. त्यात रबरी कडे बसवूनच तार ओवावी, नाही तर पत्र्याची धार हादऱ्यांनी तारेचे वेष्टण हळूहळू कापते. मूळ वायरिंगपासून नवी तार निराळी ओळखू यावी, पण डोळ्यांत खुपू नये, म्हणून तिच्यावर काळे सुती वेष्टण चढवून टोकांना चिठ्ठी बांधावी.

काढलेली झाकणाची पट्टी, तिचे स्क्रू, जुना स्पीकर आणि छिद्राचे बूच ही सर्व एका कापडी पिशवीत भरावी. त्यांबरोबर एका कागदावर नव्या तारांची आकृती, फ्यूजचा आकडा, कन्व्हर्टर असल्यास त्याची जागा आणि काम केल्याची तारीख लिहून ठेवावी. कागद पेन्सिलीने लिहावा. शाई ओलाव्याने पसरते. पिशवी बैठकीखाली, स्विचाच्या शेजारी ठेवावी.